मंत्र्यांचं संसदेतलं उत्तर: शोधायचं कसं, वाचायचं कसं आणि पुढचा प्रश्न विचारून घ्यायचा कसा

सप्टेंबर 2020 चं पावसाळी अधिवेशन. टाळेबंदीत शहरं सोडून गावाकडे निघालेल्यांपैकी किती मजूर वाटेत दगावले आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई मिळाली का, असा प्रश्न लोकसभेत श्रम मंत्रालयाला विचारला गेला. 14 सप्टेंबरला लेखी उत्तर आलं: अशी आकडेवारी ठेवली जात नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात राज्यसभेत रेल्वेमंत्र्यांना श्रमिक विशेष गाड्यांमधल्या मृत्यूंबद्दल विचारलं गेलं. तिथे मात्र आकडा मिळाला: 9 सप्टेंबरपर्यंत या गाड्यांतून प्रवास करताना 97 जणांचा मृत्यू झाला होता.

दोन्ही उत्तरं एकाच सरकारची. रस्त्यावर चालताना दगावलेल्यांची नोंद एका ठिकाणी झालीच नव्हती. गाडीत कोणी दगावलं तर मात्र पोलिसांत नोंद होते, पंचनामा होतो, कागद तयार होतो, आणि नेमका तोच कागद मागितला गेला. माहिती कोणाच्या दप्तरी आहे हे ओळखायचं, ती नेमक्या शब्दांत मागायची आणि उत्तरातून जे निसटलं ते पकडून पुन्हा विचारायचं, हे जमलं तर संसदेतला प्रश्न फार मोठं काम करतो. हा लेख त्यासाठीच आहे. पत्रकार, कार्यकर्ते, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी यांना तो उपयोगी पडेलच, पण माझ्या मते ही विद्या प्रत्येक मतदाराला यायला हवी. मंत्री भाषणात काय म्हणाले यापेक्षा त्यांनी सभागृहाला लेखी काय दिलं, ते कितीतरी मोलाचं असतं.

प्रश्नांचे प्रकार: कामापुरती ओळख

लोकसभेत सकाळी 11 ते 12 हा प्रश्नोत्तराचा तास. राज्यसभेत तो 2014 पासून दुपारी 12 ते 1 असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं, पुरवणी नाही. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेच्या यादीत 15 आणि 160. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर अल्पसूचना प्रश्नही विचारता येतो, पण त्यासाठी मंत्र्यांनी तयारी दाखवावी लागते, म्हणून तो क्वचितच दिसतो.

बातम्या तारांकित प्रश्नांच्या होतात, कारण तिथे खडाजंगी होते. माहितीचा साठा मात्र अतारांकित उत्तरांत असतो. जिल्हावार तक्ते, योजनेचा वर्षवार खर्च, रिक्त पदं हे सगळं तिथे निवांत पडून असतं. तासाभरात 20 पैकी मोजकेच तारांकित प्रश्न तोंडी चर्चेला येतात. ज्यांची पाळी येत नाही, त्यांची उत्तरंही लेखी स्वरूपात पटलावर ठेवलेली असतात. तेव्हा ‘त्या दिवशी गोंधळात तास वाया गेला’ अशी बातमी वाचली तरी उत्तरं शोधायला जाच. ती तिथे असतात.

शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, खासदाराने विषय मांडला तर मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं असं बंधन नाही. मंत्र्यांनी स्वतःहून केलेलं निवेदन हा आणखी वेगळा प्रकार. लोकसभेत नियम 372 खाली निवेदन झालं की त्या वेळी प्रश्न विचारता येत नाहीत. राज्यसभेत सदस्य खुलासे मागू शकतात. परराष्ट्र धोरणावरच्या मोठ्या घडामोडींत सरकार बहुधा निवेदनाचा मार्ग धरतं, म्हणून हा फरक लक्षात असू द्या.

पहिली पायरी: उत्तर शोधणं

दोन्ही सभागृहांची प्रश्नोत्तरं ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर आहेत. लोकसभा किंवा राज्यसभा निवडा, प्रश्नांच्या विभागात जा, मग मंत्रालय, खासदाराचं नाव, तारीख, अधिवेशन किंवा शब्द टाकून शोधा. उत्तर पीडीएफमध्ये मिळतं, हिंदीत आणि इंग्रजीतही.

शब्द टाकून शोधताना सरकारी शब्द वापरावा लागतो. ‘नळ’ शोधलं तर थोडं मिळेल, ‘जल जीवन मिशन’ टाकलं तर ढीग निघेल. ‘शेतकरी आत्महत्या’ या विषयावर कृषी मंत्रालय आणि गृह मंत्रालय दोन्हीकडे शोधा. तारखेवरून शोधायचं तर कोणतं मंत्रालय कोणत्या वारी उत्तर देतं हे पाहावं लागतं. मंत्रालयांचे पाच गट असतात आणि सोमवार ते शुक्रवार एकेका गटाचा वार ठरलेला असतो. अधिवेशनाआधी त्याचा तक्ता जाहीर होतो. तो उतरवून ठेवला की पुढचे कित्येक आठवडे शोधाशोध वाचते.

परराष्ट्र मंत्रालय आपली संसदीय उत्तरं स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवतं. पत्र सूचना कार्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकांतही उत्तरांचा गोषवारा येतो, पण त्यावर थांबू नका. गोषवाऱ्यात परिशिष्टं गळतात आणि खरी माहिती बहुतेक वेळा परिशिष्टातच असते. तोंडी चर्चेचा शब्दशः वृत्तान्त वेगळा मिळतो. पुरवणी प्रश्नांची उत्तरं फक्त त्यातच सापडतात, मूळ पीडीएफमध्ये नाहीत.

उत्तर सापडलं की आधी प्रश्न क्रमांक, तारीख, तारांकित की अतारांकित, आणि कोणतं सभागृह, या चार गोष्टी टिपून घ्या. पुढच्या प्रत्येक पायरीला त्या लागतात.

दुसरी पायरी: कोणाच्या दप्तरी काय आहे

प्रश्न वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चुकीचं मंत्रालय. कोणता विषय कोणाकडे, हे भारत सरकारच्या 1961 च्या कार्यविभाजन नियमांत लिहिलेलं आहे. आपल्याकडचं कांद्याचं उदाहरण घेऊ, कारण त्यात देशांतर्गत धोरण आणि परराष्ट्र धोरण एकमेकांत पार गुंतलेलं आहे.

ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने निर्यात करता येईना. 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ती 4 मे 2024 ला उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. बंदीच्या काळातही बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका अशा देशांना ठरावीक कोट्याने कांदा पाठवायला परवानगी होती.

आता लासलगावचा शेतकरी विचारतो, ‘आमचं नुकसान किती झालं आणि कोणाच्या सांगण्यावरून?’ हा प्रश्न तसाच एखाद्या मंत्रालयाकडे पाठवला तर एक गोलमोल परिच्छेद परत येईल. तो फोडावा लागतो. शुल्क लावणं आणि काढणं अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. बंदी, किमान मूल्य, देशवार कोटा हे वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडे. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाकडे. उत्पादनाचे अंदाज कृषी मंत्रालयाकडे. मित्रदेशाने कांदा मागितला का आणि त्यावर काय कळवलं गेलं, हे परराष्ट्र मंत्रालयाकडे. एकाच अधिवेशनात वेगवेगळ्या खासदारांकडून हे पाच प्रश्न गेले आणि पाचही उत्तरं शेजारी ठेवली, तर निर्णय कसा झाला याचं चित्र उभं राहतं. खरेदी किती झाली हा आकडा एका उत्तरात आणि बंदीची तारीख दुसऱ्या उत्तरात असते. त्या जोडायचं काम आपलं.

विषय राज्याचा असेल तर दिल्लीत वेळ घालवू नका. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, जमीन या गोष्टी राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांकडे आहेत. त्यासाठी आमदार गाठा. आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचा तर ठरलेलाच आहे: ‘...हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तरात ‘होय’, ‘नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’. यातलं ‘अंशतः खरे’ दिसलं की तिथेच थांबून नीट वाचायचं, कारण बातमी तिथेच असते.

तिसरी पायरी: उत्तर वाचणं

उत्तर मंत्र्यांच्या नावाने येतं, पण त्याचा मसुदा मंत्रालयाच्या शाखेत तयार होतो. तो अवर सचिव, उपसचिव, सहसचिव असा वर चढत जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर एकच काळजी घेतली जाते: उद्या हक्कभंग येईल असं एकही चुकीचं विधान जाता कामा नये. त्यामुळे संसदीय उत्तर सहसा धादांत खोटं नसतं. ते अरुंद असतं. किती अरुंद आहे, हे ओळखणं म्हणजेच ते वाचणं.

जुलै 2021 मध्ये राज्यसभेत आरोग्य मंत्रालयाने प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंवर दिलेलं उत्तर आठवा. देशभर संताप उसळला, कारण मथळे आले ‘प्राणवायूअभावी एकही मृत्यू नाही’. उत्तरात मांडणी वेगळी होती. आरोग्य हा राज्याचा विषय आहे, राज्यं ठरलेल्या पद्धतीने मृत्यूंची माहिती कळवतात, आणि प्राणवायूअभावी झालेले मृत्यू म्हणून राज्यांनी स्वतंत्रपणे काही कळवलेलं नाही. म्हणजे मंत्रालयाने मृत्यू नाकारले नव्हते; आपल्याकडे त्या शीर्षकाखाली नोंद आली नाही एवढंच सांगितलं होतं. संताप समजण्यासारखाच होता. पण पुढचा उपयुक्त प्रश्न त्या वाक्यातच दडलेला होता: राज्यांना पाठवलेल्या नमुन्यात मृत्यूच्या कारणाचा असा रकाना होता का? नसेल तर तो घाला असं केंद्राने कधी आणि कोणत्या पत्राने कळवलं? या प्रश्नाला ‘राज्याचा विषय’ म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण नमुना केंद्राचा आणि पत्रही केंद्राचं.

वाचताना हमखास भेटणारे काही शब्दप्रयोग, आणि ते दिसल्यावर काय करायचं:

‘(अ) ते (ड)’ असं एकत्र उत्तर. चार उपप्रश्नांना मिळून एक परिच्छेद दिला असेल तर प्रश्न आणि उत्तर शेजारी ठेवा, आणि प्रत्येक उपप्रश्नाचं उत्तर उत्तरात कुठे आहे ते पेन्सिलीने जोडा. ज्या उपप्रश्नापासून रेघ कुठेच जात नाही, तो पुढच्या वेळी एकटा विचारायचा. ही साधी सवय लावून घेतली तर बाकी निम्मं आपोआप जमतं.

‘प्रश्न उद्भवत नाही.’ हे आधीच्या उपप्रश्नाच्या उत्तरावर टेकलेलं असतं. पहिल्याला ‘नाही’ मिळालं की खालचे सगळे या एका वाक्यात वाहून जातात. म्हणून पहिला उपप्रश्न ‘सरकारला हे माहीत आहे काय’ असा कधी ठेवू नये. मजुरांच्या उत्तरात भरपाईचं झालं ते नेमकं हेच.

मंजूर, वितरित, खर्च. निधीच्या उत्तरात हे तीन वेगळे आकडे आहेत. मंत्र्यांच्या भाषणात ‘मंजूर’ येतो, परिशिष्टात ‘वितरित’, आणि ‘खर्च’ पुष्कळदा विचारल्याशिवाय येतच नाही. वर्षवार आणि राज्यवार तिन्ही एकत्र मागा.

व्याख्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात शेती क्षेत्रातल्या आत्महत्या 11,290 आहेत. त्यात शेतकरी 5,207 आणि शेतमजूर 6,083. उत्तरात कोणता आकडा आहे हे न पाहता मागच्या वर्षीशी तुलना केली तर आत्महत्या एका झटक्यात निम्म्यावर आल्या असं वाटेल. महाराष्ट्राचा 4,248 हा आकडाही दोन्ही मिळून आहे. सरकार जाणूनबुजून करतं असं मी म्हणत नाही, पण ‘शेतकरी’ एवढाच शब्द प्रश्नात असेल तर शेतमजूर गाळले तरी उत्तर नियमात बसतं.

‘उपलब्ध माहितीनुसार’, ‘अलीकडच्या प्रकाशित अहवालानुसार’. कोणत्या वर्षाचा अहवाल ते पाहा. प्रश्न चालू वर्षाचा आणि उत्तर दोन-तीन वर्षांमागचं, असं सर्रास होतं.

‘माहिती गोळा केली जात आहे, ती पटलावर ठेवली जाईल.’ याला टाळाटाळ समजून कागद फेकू नका. हे आश्वासन ठरतं, आणि त्याचा पाठपुरावा करायची स्वतंत्र यंत्रणा आहे. त्याबद्दल शेवटी.

परराष्ट्र मंत्रालयाची उत्तरं: वेगळं व्याकरण

देशांतर्गत उत्तरात आकड्यांची लपाछपी असते, परराष्ट्र उत्तरात क्रियापदांची. ‘मुद्दा उपस्थित केला’, ‘सातत्याने उपस्थित केला’, ‘सर्वोच्च पातळीवर उपस्थित केला’, ‘सरकार घडामोडींवर बारकाईने लक्ष ठेवून आहे’. यातलं प्रत्येक वाक्य तोलून लिहिलेलं असतं. एकाच विषयावरची दोन-तीन वर्षांची उत्तरं क्रमाने वाचा आणि क्रियापद कुठे बदललं ते पाहा. ‘लक्ष ठेवून आहे’चं ‘चिंता कळवली आहे’ झालं की धोरण हललं. पत्रकार परिषदेत हे कळायला उशीर लागतो, संसदीय उत्तरांत तारखेनिशी दिसतं.

काही गोष्टी मिळणारच नाहीत. मित्रदेशाबद्दल अनादराचा उल्लेख असलेला प्रश्न नियमातच बसत नाही. मंत्रिमंडळातली चर्चा आणि गोपनीय बाबी प्रश्नाच्या कक्षेबाहेर असतात, आणि ‘वाटाघाटी चालू आहेत’ म्हटलं की मंत्र्यांना तपशील देणं टाळता येतं. मला हे बंधन पूर्णपणे गैर वाटत नाही, कारण सीमेवरच्या चर्चेचा मसुदा सभागृहात वाचून दाखवावा अशी अपेक्षा कोणी धरू नये. पण याच बंधनाचा आडोसा घेऊन साधी प्रशासकीय माहितीही दाबली जाते, आणि तिथे चिकाटी लागते.

म्हणून परराष्ट्र धोरणावर विचारताना मत मागू नका, मोजता येईल असं मागा. नागरिकत्व सोडणाऱ्या भारतीयांचंच पाहा. 2011 पासूनची वर्षवार आकडेवारी मागितली गेली आणि परराष्ट्रमंत्र्यांनी ती दिली: 2019 मध्ये 1,44,017, 2020 मध्ये 85,256, 2021 मध्ये 1,63,370, 2022 मध्ये 2,25,620. कारण विचारलं तेव्हा मात्र वैयक्तिक सोय, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. आकडा दप्तरी होता, कारण दप्तरी नव्हतं. 2020 ची घसरण टाळेबंदीमुळे असणार असा अंदाज कोणीही करेल, पण त्या वर्षी दूतावासांत अर्ज किती आले आणि निकाली किती निघाले हे विचारलं तर अंदाजाची गरजच उरणार नाही.

आपल्या किनाऱ्याला थेट भिडणारा विषय म्हणजे पाकिस्तानच्या ताब्यातले मच्छीमार. पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि सागरी हद्दीजवळ पकडले जातात. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. 1 जानेवारी 2025 च्या यादीप्रमाणे पाकिस्तानने आपल्या ताब्यात 217 मच्छीमार आणि 49 नागरी कैदी असल्याचं कळवलं, भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे. शिक्षा पुरी झालेल्या 183 जणांना लवकर सोडा, अशी मागणी भारताने त्याच दिवशी केली. हे जाहीर पत्रकातलं आहे, म्हणून ‘किती मच्छीमार अटकेत आहेत’ हा प्रश्न विचारून संधी दवडू नये. सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहिती विचारणारा प्रश्न तसाही फेटाळला जाऊ शकतो.

चौथी पायरी: प्रश्न लिहून खासदारांकडे नेणं

प्रश्न फक्त सदस्य विचारू शकतात, पण मसुदा कोणीही देऊ शकतं. चांगला मसुदा मिळाला तर बहुतेक खासदारांच्या कार्यालयाला तो हवाच असतो. सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. लोकसभेत एका सदस्याचा एका दिवसाच्या यादीत एकच तारांकित प्रश्न येतो, आणि कोणाचा वर लागेल हे सोडतीने ठरतं. तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर मसुदा घेऊन जाणं म्हणजे उशीर. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात स्वीय सहायकांना भेटा. मतदारसंघाचा खासदार उत्सुक नसेल तर विषयात रस असलेल्या दुसऱ्या खासदारांकडे जा. राज्यसभेचे सदस्यही आहेतच.

नियमांच्या चौकटीतल्या मुख्य गोष्टी: साधारण 150 शब्दांची मर्यादा, युक्तिवाद, उपहास, आरोप नकोत, काल्पनिक परिस्थितीवर मत विचारू नये, न्यायालयात चालू असलेलं प्रकरण नको, केंद्र सरकारशी प्रामुख्याने संबंधित नसलेला विषय नको.

मच्छीमारांचाच मसुदा घेऊ. पहिल्या झटक्यात माणूस असं लिहितो: ‘पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब मच्छीमारांच्या सुटकेसाठी सरकार गंभीर आहे काय?’ याचं उत्तर आजच सांगता येतं: सरकार सर्वोच्च प्राधान्य देतं, मुद्दा सातत्याने उपस्थित केला जातो. विशेषणं काढा आणि असं लिहा:

‘परराष्ट्रमंत्री सांगतील काय: (अ) मागील तीन वर्षांत आणि चालू वर्षात पाकिस्तानने ताब्यात घेतलेल्या भारतीय मच्छीमारांची राज्यवार आणि जिल्हावार संख्या; (ब) त्यांपैकी ज्यांची शिक्षा पूर्ण झाली आहे अशांची संख्या, आणि शिक्षा संपल्यापासून किती काळ लोटला त्यानुसार वर्गवारी; (क) ज्यांच्या राष्ट्रीयत्वाची पडताळणी भारताकडे प्रलंबित आहे अशांची संख्या आणि त्याची कारणे; (ड) अटकेपासून वकिलातीच्या अधिकाऱ्यांची पहिली भेट होईपर्यंत लागलेला सरासरी कालावधी?’

यातला (क) सगळ्यात महत्त्वाचा आहे. सुटका पाकिस्तानवर अवलंबून आहे, पण राष्ट्रीयत्वाची पडताळणी आपल्या यंत्रणेवर: परराष्ट्र, गृह, राज्य सरकार, जिल्हा पोलीस. तिथे कागद अडला असेल तर तो कुठे अडला हे दिल्लीला सांगावंच लागेल. प्रत्येक उपप्रश्न स्वतःच्या पायावर उभा आहे हेही पाहा. (अ) ला काहीही उत्तर आलं तरी (क) ला ‘उद्भवत नाही’ म्हणता येणार नाही. बोटी जप्त झालेल्यांच्या मदतीचा प्रश्न यात कोंबू नका. तो मत्स्यव्यवसाय मंत्रालयाचा, त्याला वेगळा कागद.

मसुद्यासोबत पानभर टिपण द्या: आधीच्या उत्तरांचे क्रमांक, तारखा, आणि तारांकित म्हणून लागला तर विचारायचे दोन पुरवणी प्रश्न. पैसे किंवा कसलीही भेट याचा विचारही मनात आणू नका. डिसेंबर 2005 मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात दोन्ही सभागृहांतले मिळून 11 सदस्य बडतर्फ झाले होते.

पुरवणी प्रश्न

मूळ प्रश्न विचारणाऱ्याला साधारण दोन पुरवणी मिळतात, मग पीठासीन अधिकारी इतरांना संधी देतात. मंत्र्यांच्या हातात संभाव्य पुरवणी प्रश्नांची जाड फाइल असते आणि अधिकारी दीर्घेतून चिठ्ठ्या येत असतात. म्हणून नवा मोठा विषय काढला तर मंत्री निवांतपणे ठरलेलं वाचून दाखवतात. छापील उत्तरातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं की त्यांना कागदाबाहेर यावं लागतं. ‘परिशिष्टात महाराष्ट्रापुढे रेघ आहे. रेघ म्हणजे शून्य, की माहिती आली नाही?’ एवढा छोटा पुरवणी प्रश्न सगळ्यात अवघड जातो. आपल्या मराठी मुलखाने नाथ पै, मधु लिमये, मधु दंडवते असे संसदपटू देशाला दिले. नियम तोंडपाठ असणं आणि कागद हातात असणं यातून केवढी ताकद येते, हे त्यांच्या काळातले वृत्तान्त वाचताना आजही जाणवतं.

आणि चिकाटीने मंत्रिपदंही हलतात. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवल्याचा विषय प्रश्नातूनच सभागृहात आला. फिरोज गांधी यांनी तो लावून धरला, न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावं लागलं. प्रश्न विचारणारे सत्ताधारी पक्षाचेच होते, हेही ध्यानात ठेवा. सत्ताधारी खासदाराकडे मसुदा नेण्यात काही अर्थ नाही, असं समजू नका.

पाचवी पायरी: उत्तर आल्यानंतर

उत्तरात ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘मी यात लक्ष घालेन’ अशा अर्थाचं काही असेल तर ते आश्वासन मानलं जातं. लोकसभेची सरकारी आश्वासन समिती 1953 पासून आहे, राज्यसभेची 1972 पासून. आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत असते. मंत्रालयाला मुदतवाढ मागता येते, किंवा आश्वासन वगळा अशी विनंतीही करता येते, आणि समितीच्या अहवालांत हे सगळं छापून येतं. तुमच्या उत्तराचा क्रमांक त्यात दिसतो का ते पाहा. वगळण्याची विनंती झालेली दिसली तर खासदारांमार्फत समितीला पत्र द्या.

उत्तर अपुरं असेल तर खासदार अर्ध्या तासाच्या चर्चेची मागणी करू शकतात. लोकसभेत तो नियम 55 आहे. उत्तरात चूक असेल तर अध्यक्षांच्या निर्देश 115 खाली ती लेखी दाखवून देता येते. मंत्री स्वतःही आधीच्या उत्तरात दुरुस्ती करणारं निवेदन करतात. ते कामकाजपत्रिकेत असतं आणि बातमीत क्वचितच येतं, म्हणून एखादं उत्तर लेखात वापरण्याआधी नंतर दुरुस्ती झाली आहे का ते तपासा.

माहिती अधिकारही जोडीला आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवस. अर्जात उत्तर तयार करतानाची टिपणी मागण्यापेक्षा उत्तरातला आकडा ज्या नोंदीतून आला ती नोंद मागा: ‘अतारांकित प्रश्न क्रमांक अमुक, दिनांक तमुक, परिशिष्टातील महाराष्ट्राचा आकडा ज्या पत्राद्वारे राज्याकडून प्राप्त झाला त्या पत्राची प्रत.’ टिपणी मागितली तर संसदेच्या विशेषाधिकाराचं कारण पुढे येऊ शकतं. राज्याने पाठवलेल्या पत्राबाबत ते कारण देणं अवघड जातं.

मग पुढच्या अधिवेशनाचा वार-तक्ता आला की नवा मसुदा करा, आणि सुरुवातच अशी ठेवा: ‘अमुक तारखेच्या अतारांकित प्रश्न क्रमांक तमुकला दिलेल्या उत्तराच्या संदर्भात मंत्री सांगतील काय...’ या ओळीमुळे जुनं उत्तर बाजूला ठेवून नव्याने गोल बोलणं मंत्रालयाला कठीण जातं, आणि शाखेतल्या अधिकाऱ्याला जुनी फाइल काढावीच लागते.